महासंकटाआधी सुटका की त्यातूनच वाट?

येशू ख्रिस्त पुन्हा येणार, याबद्दल ख्रिस्ती पंथांत भांडण नाही. उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या अंगीकारातच ते आहे. भांडण आहे ते त्या येण्याच्या आधीच्या काळाबद्दल. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो, की जगाच्या आरंभापासून आलं नाही असं मोठं संकट येईल. त्या संकटात ख्रिस्ताची माणसं सापडणार, की ते सुरू होण्याआधीच ती वर उचलली जाणार (यालाच ‘रॅप्चर’ म्हणतात)? सुमारे दोनशे वर्षं हा प्रश्न प्रॉटेस्टंट मंडळ्यांत धुमसतो आहे, आणि आता मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे तो आपल्याकडच्या प्रार्थनासभांतही ऐकू येतो. वाद खरा आहे, पण त्याच्या आसपास गैरसमज फार, आणि ते एकाच बाजूचे नाहीत.

गैरसमज : सगळे ख्रिस्ती लोक ‘रॅप्चर’ मानतात.

नाही मानत. जगातले निम्मे ख्रिस्ती रोमन कॅथलिक आहेत, आणि वसई-गोव्याच्या चर्चमध्ये ‘संकटाआधी उचललं जाण्या’ची शिकवण दिली जात नाही. उलट, १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथाचा ६७५वा परिच्छेद सांगतो की ख्रिस्ताच्या आगमनापूर्वी चर्चला एका शेवटच्या कसोटीतून जावं लागेल आणि तिने पुष्कळांचा विश्वास डळमळेल. ऑर्थोडॉक्स परंपराही अशी आगाऊ सुटका शिकवत नाही. पाचव्या शतकात ऑगस्टीनने ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या २०व्या भागात ‘प्रकटीकरण’ या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या हजार वर्षांच्या राज्याचा अर्थ ‘चर्चचा चालू काळ’ असा लावला. पश्चिमेत तो इतका रुळला की लूथर-कॅल्विनपर्यंत मुख्य प्रवाहात तोच राहिला. म्हणजे आज जो वाद गाजतो, तो मुख्यतः इव्हँजेलिकल, ब्रदरेन आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांच्या घरातला आहे. बाहेरच्यांना तो सगळ्या ख्रिस्ती धर्माचा वाटतो, याचं श्रेय सिनेमांना आणि कादंबऱ्यांना.

गैरसमज : ‘उचललं जाणं’ बायबलमध्ये कुठंच नाही.

टीकाकार हे वाक्य फार ठसक्यात फेकतात, पण ते टिकत नाही. थेस्सलनीकाकरांस पौलाचं जे पहिलं पत्र आहे, त्याच्या चौथ्या अध्यायात हा प्रसंग आहेच. प्रभू स्वर्गातून उतरेल, ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, मग जिवंत उरलेले त्यांच्यासोबत मेघांत उचलले जातील आणि अंतराळात प्रभूला भेटतील. हे पत्र इ. स. ५०च्या आसपासचं, म्हणजे नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी आहे.

हे लिहिण्यामागचं कारण मात्र वेळापत्रकाचं नव्हतं. थेस्सलनीकाच्या त्या नव्या मंडळीत काही माणसं वारली होती. ख्रिस्त येईल तेव्हा आपले मेलेले लोक मागे राहतील का, ही त्या घरांतली धास्ती होती. पौल त्यांचं सांत्वन करतो आहे. संकट आधी की नंतर, हा मुद्दा त्या परिच्छेदात येत नाही. म्हणूनच दोन्ही पक्ष तोच परिच्छेद आपल्या बाजूचा म्हणून वाचतात.

‘संकटानंतर’ म्हणणारे त्या भेटीच्या रीतीवर बोट ठेवतात. त्या काळी मोठा माणूस शहराकडे येत असला की नागरिक वेशीबाहेर जाऊन त्याला सामोरे जात आणि त्याच्यासोबत परत शहरात येत. आपल्याकडे वरपक्ष गावच्या सीमेवर आला की सीमांतपूजन करून त्याला आत आणतात, तसंच. प्रेषितांच्या कृत्यांत रोमचे विश्वासी बंधू असेच पौलाला वाटेत भेटायला येतात आणि मग तो रोमला पोचतो. तेव्हा अंतराळातली भेट म्हणजे राजाला घेऊन पृथ्वीवर परतणं, संकटाच्या काळापुरतं स्वर्गात निघून जाणं नव्हे, असं हा पक्ष म्हणतो. ‘संकटापूर्वी’वाले उत्तर देतात ते योहानाच्या १४व्या अध्यायातून : येशू तिथं म्हणतो की पित्याच्या घरात जागा तयार करून मी तुम्हांला आपल्याजवळ घेईन. म्हणजे प्रवासाची दिशा वर आहे. दोघांचीही बाजू ऐकून घ्यावी अशी आहे. मला विचाराल तर सामोरं जाण्याचा मुद्दा वजनदार आहे, पण एकटा तो निकाल लावू शकत नाही.

गैरसमज : ‘एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल’ हे रॅप्चरचंच वर्णन.

शेतात दोघे, एक गायब. जात्यावर दोघी, एक गायब. १९७२च्या ‘अ थीफ इन द नाइट’ या चित्रपटापासून हे दृश्य लोकांच्या डोळ्यांपुढे आहे. मत्तय २४ मात्र सलग वाचा. त्याच्या अगदी आधी नोहाच्या जलप्रलयाचा दाखला आहे, आणि तिथं ‘वाहून नेले गेले’ ते बुडालेले लोक. वाचला तो मागे राहिलेला नोहा. गंमत म्हणजे हे फक्त विरोधक म्हणत नाहीत. जॉन वॉलवूर्ड हे डॅलस थिऑलॉजिकल सेमिनरीचे अनेक वर्षं अध्यक्ष होते आणि ‘संकटापूर्वी’ मताचे विसाव्या शतकातले बडे समर्थक. त्यांनीही या ओळी रॅप्चरच्या मानल्या नाहीत. सिनेमाने जे दृश्य घरोघरी नेलं, ते त्या मताच्या आचार्यालाच मान्य नव्हतं.

गैरसमज : सात वर्षांचं महासंकट प्रकटीकरणात स्पष्ट लिहिलंय.

प्रकटीकरणात ४२ महिने आहेत, १,२६० दिवस आहेत, ‘एक काळ, दोन काळ व अर्धा काळ’ आहे. म्हणजे साडेतीन वर्षं. ‘सात वर्षांचं संकट’ असा शब्दप्रयोग नाही. सात येतात ते दानीएलच्या नवव्या अध्यायातून. तिथं सत्तर ‘सप्तकां’चा हिशेब आहे. सप्तक म्हणजे सात वर्षं धरली, तर ४९० वर्षं होतात. एका मतानुसार ख्रिस्तापर्यंत ६९ सप्तकं संपली, मग घड्याळ थांबलं, मधे मंडळीचा काळ आला आणि शेवटचं सप्तक अजून यायचं आहे. दुसरं मत म्हणतं की घड्याळ थांबलंच नाही, सत्तरही सप्तकं पहिल्या शतकात पुरी झाली. मत्तयातल्या संकटाचा मोठा भागही इ. स. ७० मध्ये तीतसाच्या रोमन सैन्याने यरुशलेम आणि मंदिर उद्ध्वस्त केलं तेव्हाच घडून गेला, असं यातले अनेक जण धरतात. शेवटच्या काळाचे जे तक्ते काढले जातात, त्यांचा पाया पहिल्या मताचा हा एक हिशेब आहे. तो मान्य नसेल, तर ‘आधी, मध्ये की नंतर’ हा प्रश्नच बराचसा विरून जातो.

गैरसमज : ‘संकटापूर्वी’ची शिकवण प्रेषितांपासून चालत आलेली आहे, किंवा ती एका आजारी मुलीच्या दर्शनातून निघाली.

दोन्ही टोकं चुकीची आहेत. पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा त्यानंतर लवकरच लिहिलेल्या ‘दिदाखे’ या पुस्तिकेच्या शेवटच्या अध्यायात मानवजात अग्निपरीक्षेत पडेल आणि विश्वासात टिकून राहणारे तरतील असं आहे. तिसऱ्या शतकातला हिप्पोलीतस ख्रिस्तविरोधकाच्या हातून मंडळीचा छळ होईल असं लिहितो. जुन्या लिखाणातल्या एखाददुसऱ्या ओळीत ‘आधी सुटका’ शोधणारे आहेत, पण पूर्ण मांडणी तिथं सापडत नाही.

ती सापडते १८३०च्या दशकात. जॉन नेल्सन डार्बी हा आयर्लंडमधला अँग्लिकन पाळक. १८२७ साली घोड्याच्या अपघातात जखमी होऊन तो डब्लिनमध्ये पडून होता. त्या काळातल्या वाचनातून इस्राएल वेगळं आणि मंडळी वेगळी, दोघांबद्दल देवाच्या योजना वेगळ्या, हा विचार त्याच्या मनात पक्का झाला. संकट हे इस्राएलच्या हिशेबातलं. मग मंडळीचं तिथं काय काम? १८३१ पासून विकलो परगण्यात पॉवर्सकोर्ट येथे भरलेल्या भविष्यवाणीच्या परिषदांत यावर खल झाला. त्याच सुमारास, १८३० साली, स्कॉटलंडच्या पोर्ट ग्लासगोत मार्गारेट मॅकडोनल्ड या तरुणीला दर्शन झालं. डार्बीने कल्पना तिच्याकडून उचलली, हा आरोप १९७०च्या दशकात डेव्ह मॅकफर्सन यांनी गाजवला. पण त्या दर्शनाचा मजकूर वाचला तर त्यात मंडळीला अग्निपरीक्षेतून जायचं आहे. म्हणजे डार्बीच्या नेमकं उलट. विरोधकांनी हा दगड खाली ठेवलेला बरा.

डार्बी पुढे ज्यांचा पुढारी झाला, त्या ब्रदरेन मंडळ्यांतही सगळ्यांना हे पटलं नाही. प्लिमथचे बेंजामिन न्यूटन, ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्युलर आणि ग्रीक हस्तलिखितांचे अभ्यासक ट्रेगेलेस संकटानंतरच्याच मताचे राहिले. पुढे डार्बी आणि न्यूटन यांच्यात फूट पडली. तिला इतरही कारणं होती, पण हे एक होतं. तेव्हा ‘बायबल न मानणारेच या मताला विरोध करतात’ असं म्हणणाऱ्याने या तिघांची नावं लक्षात ठेवावीत.

मग हे मत जगभर कसं गेलं? छापखान्यामुळे. १९०९ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने सायरस स्कोफील्ड यांचं टिपांसह बायबल काढलं. वर पौल, खाली त्याच पानावर स्कोफील्ड. वर्षानुवर्षं तेच पान वाचणाऱ्याला पवित्र शास्त्र कुठं संपलं आणि टीप कुठं सुरू झाली याचं भान राहणं कठीण. पुढे १९७० मध्ये हॅल लिंडसे यांचं याच विषयावरचं पुस्तक आलं आणि १९९५ पासून ‘लेफ्ट बिहाइंड’ कादंबऱ्या, ज्यांच्या कोट्यवधी प्रती खपल्या.

कल्पना उशिरा मांडली गेली म्हणून ती खोटी ठरत नाही. मात्र ती ‘चर्चने नेहमीच मानलेली’ आहे, असं कुणी म्हणू नये.

गैरसमज : ‘संकटापूर्वी’ मानणारे छळाला घाबरतात, त्यांच्या मते विश्वासी माणसाला दुःख नाही.

हा आरोप अन्यायाचा आहे. विश्वासी माणसाला छळ सोसावा लागतो हे तेही मानतात. थेस्सलनीकाकरांच्या त्याच पत्रात पौल म्हणतो की आपल्यावर संकटं येणार हे मी तुम्हांला आधीच सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की महासंकट हा माणसांनी केलेला छळ नसून देवाचा क्रोध आहे, आणि पाचव्या अध्यायानुसार देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलेलं नाही. फिलदेल्फियाच्या मंडळीला प्रकटीकरण ३:१० मध्ये परीक्षाप्रसंगापासून राखण्याचं वचन आहे, ते त्यांचं हुकमी पान. विरोधक लगेच योहान १७ उघडतात : तिथं ‘राखावे’ अशीच प्रार्थना येशू करतो, पण ‘यांना जगातून काढून घ्यावे’ असं मागत नाही. १९९० साली मार्व्हिन रोझेन्थाल यांनी मधली वाट काढली : छळ मंडळी सोसेल, देवाचा क्रोध सुरू होण्याआधी उचलली जाईल. जॉर्ज लॅड यांनी १९५६ मध्ये संकटानंतरची बाजू मांडली, तेव्हा प्रतिपक्षाला ‘बंधू’ मानूनच मांडली. हा सूर आज कमी ऐकू येतो.

तरीही एक टीका गंभीरपणे घ्यावी लागते. ज्यूंना लपवल्याबद्दल राव्हेन्सब्रूकच्या छळछावणीत गेलेल्या डच लेखिका कोरी टेन बूम म्हणत, की ‘त्याआधीच सुटू’ या शिकवणीने चीनमधल्या विश्वासी लोकांना छळाची तयारीच करू दिली नाही. सिद्धांत काहीही असो, मंचावरून तो कसा सांगितला जातो याची जबाबदारी सांगणाऱ्यावर येते.

गैरसमज : चिन्हं जुळवली की तारीख काढता येते.

एडगर व्हिझनंट यांनी उचललं जाणं १९८८ मध्येच होईल याची ८८ कारणं दिली. हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितली. दोन्ही दिवस गेले. मत्तय २४:३६ मध्ये तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नसल्याचं लिहिलंय, आणि वादातल्या सगळ्याच पक्षांचे जबाबदार अभ्यासक तारखांच्या विरोधातच आहेत.

पुढच्या वेळी कुणी तक्ता किंवा व्हिडिओ पाठवला, तर त्याआधी थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. पाचच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. आणि शक्यतो टिपा नसलेली प्रत घ्या.