बुद्धिबळाच्या अंतिमावस्थेतील उंट आणि घोडा

बुद्धिबळाच्या पाठ्यपुस्तकांत उंट आणि घोडा या दोन मोहऱ्यांचे मूल्य सामान्यतः सारखेच, म्हणजे तीन प्याद्यांइतके, धरले जाते. डावाच्या प्रारंभी हे समीकरण पुरेसे ठरते. परंतु वजीर आणि हत्ती पटावरून गेले आणि एका बाजूस केवळ उंट व दुसऱ्या बाजूस केवळ घोडा उरला, म्हणजे ही समानता बहुधा टिकत नाही. या दोहोंत श्रेष्ठ कोण, या प्रश्नाचे उत्तर मोहऱ्यांच्या स्वभावात अर्धेच सापडते. उरलेले अर्धे प्याद्यांच्या रचनेत शोधावे लागते.

प्रथम स्वभावाचा विचार करू जाता असे दिसते की, रिकाम्या पटाच्या मध्यभागी उंटाचा मारा १३ घरांवर असतो, तर घोड्याचा ८ घरांवर. कोपऱ्यात हेच आकडे अनुक्रमे ७ व २ असे होतात. चौसष्ट घरांची सरासरी काढल्यास उंटाच्या वाट्यास ८.७५ आणि घोड्याच्या वाट्यास ५.२५ घरे येतात. पटाच्या एका कडेच्या स्तंभावरून समोरच्या कडेच्या स्तंभावर जाण्यास घोड्याला किमान चार खेळ्या लागतात. उंट हे अंतर कित्येकदा एकाच खेळीत तोडतो. म्हणून दोन्ही बाजूंना प्यादी असतील तेव्हा उंट वरचढ ठरतो, आणि सर्व प्यादी एकाच बाजूला एकवटली असतील तेव्हा त्याचा हा लाभ नाहीसा होतो. उलटपक्षी, उंट हा कायमचा एकाच रंगाच्या ३२ घरांत बंदिस्त असतो. घोड्याला मात्र सर्व ६४ घरे खुली असतात.

दोहोंमधील आणखी एक भेद अधिक सूक्ष्म आहे. अडीच घरांच्या प्रत्येक चालीबरोबर घोडा आपल्या घराचा रंग बदलतो. यामुळे सम खेळ्यांनंतर तो मूळच्या रंगावर आणि विषम खेळ्यांनंतर दुसऱ्या रंगावर असतोच असतो. एखादी खेळी फुकट घालवून पाळी प्रतिपक्षावर ढकलणे त्याला कधीही साधत नाही. याचे स्वच्छ उदाहरण पुढीलप्रमाणे देता येईल. स्तंभ पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच या अक्षरांनी आणि ओळी त्याच्या बाजूने १ ते ८ या अंकांनी दर्शविल्या आहेत असे धरावे. पांढऱ्याचा राजा ए-८ वर, प्यादे ए-७ वर आणि पटावर कोठेतरी दूर त्याचा घोडा आहे. काळ्याजवळ केवळ राजा असून तो सी-७ व सी-८ या दोन घरांत येरझारा घालून पांढऱ्या राजाला कोंडून ठेवतो. पांढऱ्याची पाळी असताना घोडा आणि काळा राजा एकाच रंगाच्या घरांवर असतील, तर घोडा कितीही फिरला तरी डाव बरोबरीतच सुटतो; रंग भिन्न असतील तर पांढरा जिंकतो. घोड्याच्या जागी उंट ठेवल्यास तो कोणत्याही रंगाचा असो, एक खेळी दवडून काळ्या राजाला हुसकावतो आणि प्याद्याचा वजीर होतो.

आता प्याद्यांकडे वळावे. १९७१ साली व्हँकूव्हर येथील उमेदवारांच्या सामन्यात फिशर आणि तायमानोव यांच्यातील चौथ्या डावात राजाच्या बाजूची काळी प्यादी पांढऱ्या रंगाच्या घरांवर जखडली गेली होती आणि फिशरचा उंट त्याच रंगाचा होता. हत्तींची मारामारी होताच काळ्याच्या घोड्यावर या प्याद्यांच्या रक्षणाचा भार पडला. पांढरा राजा वजिराच्या बाजूने आत शिरला, काळ्याला खेळी करणे भाग पडत गेले, आणि ६२ व्या खेळीत फिशरने जी-६ वरील प्याद्यासाठी उंटाचे बलिदान केले. घोडा तेथे गुंतला. तेवढ्यात राजाने दुसऱ्या बाजूची प्यादी गिळली. ७१ व्या खेळीस डाव संपला.

याच्या नेमके उलट चित्र १९८४ साली मॉस्को येथे जगज्जेतेपदाच्या सामन्यातील नवव्या डावात दिसले. येथे कास्पारोवजवळ पांढऱ्या घरांवर फिरणारा उंट होता, आणि त्याची स्वतःची ए-६, बी-५ व डी-५ वरील प्यादी त्याच रंगाच्या घरांवर अडकली होती. स्वतःच्याच प्याद्यांनी वाट रोखलेला उंट त्यांचे रक्षण करीत बसला. कार्पोवने ४७ व्या खेळीत प्यादे परत न मारता घोडा जी-२ वर नेला आणि एक प्यादे देऊन राजा व घोडा या दोघांनाही आत जाण्याचा मार्ग मोकळा केला. तो डावही ७० खेळ्यांत निकाली निघाला.

दोन्ही डावांत पराभूत पक्षाची प्यादी उंटाच्याच रंगाच्या घरांवर स्थिर झाली होती. एकदा तो उंट प्रतिपक्षाचा होता म्हणून त्याला आयती लक्ष्ये मिळाली. दुसऱ्यांदा तो स्वपक्षाचा होता म्हणून निरुपयोगी झाला. मोहरा तोच, परंतु त्याचे मोल प्याद्यांनी ठरविले.

उंट व घोडा यांची मारामारी पुष्कळदा डावाच्या मध्यावस्थेत, शेवट अद्याप दूर असताना होते. आणि पुढे सरकलेल्या प्याद्यांप्रमाणेच ती मागे घेता येत नाही. यास्तव अशा मारामारीपूर्वी दोन गोष्टी पाहणे अगत्याचे ठरते : प्यादी कोणत्या रंगाच्या घरांवर स्थिरावणार, आणि ती पटाच्या एका बाजूस राहणार की दोन्ही.