जुनं काढायचं, पण कधी?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या होस्टेलच्या मेसचा हिशोब ठेवणारा एक छोटा प्रोग्राम आहे. सीनियर्सनी केलेला आणि आमच्या बॅचच्या गळ्यात आलेला. कोण किती दिवस जेवलं, कुणाचे किती खाडे, कुणाचं बिल थकलंय, सगळं त्यात. आम्ही त्यात एक नवा रिपोर्ट घातला, नवीन सेटअप बनवला आणि मेसच्या कॉम्प्युटरवर डबल क्लिक केलं. सेटअपने आधी जुनं व्हर्जन काढलं, मग नवं टाकलं. एकही एरर नाही. आम्ही खूश!

मेस सेक्रेटरीने प्रोग्राम उघडला आणि विचारलं, "अरे, पोरं कुठे गेली?"

यादी कोरी. महिनाअखेर, बिलं लावायची वेळ आणि सगळे खाडे साफ! मेसच्या काकांनी सवयीने वही ठेवली होती म्हणून वाचलो. दोन रात्री जागून सगळं परत टाईप केलं. त्या दोन रात्रींत जे शिकलो ते इथे सांगतो, कारण फायनल इयरच्या प्रोजेक्टचा सेटअप आज ना उद्या तुम्हीही बनवणार आहात.

सेटअप जुन्याला ओळखतो कसा?

विंडोज इन्स्टॉलर, म्हणजे एमएसआय फाईल चालवणारी यंत्रणा, नावावरून काहीच ओळखत नाही. ती कोड बघते. 'प्रॉडक्ट कोड' मोठ्या अपग्रेडच्या वेळी दरवेळी नवा द्यायचा असतो. 'अपग्रेड कोड' मात्र सगळ्या व्हर्जन्सना एकच. थोडक्यात, पहिला म्हणजे रोल नंबर आणि दुसरा म्हणजे आडनाव. आडनाव सारखं आणि व्हर्जन नंबर कमी असलेलं कोणी सापडलं, की ते 'जुनं'.

इथे एक गंमत आहे. व्हर्जन नंबरचे फक्त पहिले तीन आकडे तपासले जातात. १.०.०.१ वरून १.०.०.२ केलंत, तर इन्स्टॉलरच्या लेखी काहीच बदललं नाही. मग कंट्रोल पॅनेलमध्ये एकाच प्रोग्रामच्या दोन नोंदी दिसतात आणि आपण डोकं खाजवत बसतो.

आधी काढायचं की नंतर?

जुनं काढण्याची पायरी कुठे ठेवायची हे सेटअप बनवणाऱ्याच्या हातात असतं. मुख्य पर्याय तीन.

पहिला, अगदी सुरुवातीला काढणं. सगळ्यात साधा आणि स्वच्छ. पण नवं टाकताना मध्येच काही फसलं, तर जुनंही गेलं आणि नवंही नाही. नव्या खोलीची किल्ली मिळण्याआधी जुनी खोली सोडल्यासारखं. आम्ही सेटअपसाठी 'विक्स' (सर्दीवरचं नव्हे!) हे टूल वापरलं होतं. त्यात वेगळं काही सांगितलं नाही, तर हाच क्रम लागतो.

दुसरा, इन्स्टॉलेशनचा व्यवहार सुरू झाल्यावर लगेच काढणं. नवं फसलं तर रोलबॅक होतो आणि जुनं जागेवर परत येतं. वेळ थोडा जास्त लागतो, पण बहुतेकांना हाच बरा.

तिसरा, नवं पूर्ण बसल्यावर जुनं काढणं. न बदललेल्या फाईल्स पुन्हा कॉपी होत नाहीत, म्हणून काम लवकर होतं. पण दोन्ही व्हर्जन्समध्ये फाईल्सचे 'कॉम्पोनंट' कोड काटेकोर जुळायला हवेत. तीच फाईल तुम्ही नव्या कोडने टाकली, तर जुनं जाताना तुमची ताजी फाईलही घेऊन जातं!

मग आमचं काय चुकलं?

प्रोग्राम चालू असताना स्वतः तयार करतो त्या फाईल्सना इन्स्टॉलर सहसा हात लावत नाही. पण सेटअपने टाकलेली फाईल त्याच्या यादीत असते. सीनियर्सनी सोय म्हणून कोरी डेटाबेस फाईल सेटअपमध्येच घातली होती. नंतर आपण तिच्यात महिन्याचे खाडे भरले, हे इन्स्टॉलरला काय माहीत? यादीतली फाईल त्याने इमानदारीत पुसली आणि नवी कोरी फाईल टाकली.

आणखी एक मुद्दा. जुनं काढताना जुन्याच सेटअपची यादी आणि सूचना चालतात. त्यामुळे नव्या सेटअपमध्ये कितीही सुधारणा केली, तरी मशीनवर बसलेल्या जुन्याची चूक तशीच राहते. आज लिहिलेली काढण्याची चूक पुढच्या अपग्रेडच्या दिवशी बाहेर येते.

लिनक्सवालेही यातून सुटलेले नाहीत. आरपीएममध्ये नव्या पॅकेजच्या फाईल्स बसल्यावर जुन्याच्या काढण्याच्या स्क्रिप्ट चालतात. त्यांना एक आकडा मिळतो. शून्य म्हणजे खरंच काढतोय, एक म्हणजे अपग्रेड चाललंय. तो न तपासता कोणी सर्व्हिस बंद करून टाकली, तर नवं बसूनही बंद! डेबियनमध्ये मात्र एक चांगली पद्धत आहे. नुसतं 'रिमूव्ह' केलं तर सेटिंगच्या फाईल्स राहतात, 'पर्ज' म्हटलं तरच जातात.

आता आम्ही काय करतो?

१. डेटाबेस सेटअपमध्ये घालत नाही. प्रोग्राम पहिल्यांदा उघडला की तोच ती तयार करतो, तीही प्रोग्रामच्या फोल्डरबाहेर.

२. ज्या मशीनवर चुकीचं जुनं व्हर्जन आहे, तिथे ते काढण्याआधी सेटअप डेटाची कॉपी करून ठेवतो.

३. काढण्याची पायरी रोलबॅक होईल अशा जागी ठेवतो.

४. टेस्टिंग कोऱ्या मशीनवर करून थांबत नाही. जुनं टाकायचं, त्यात खोटे खाडे भरायचे आणि मगच अपग्रेड करून बघायचं. मध्येच एकदा मुद्दाम कॅन्सलही करायचं.

प्रोग्राम आपला असतो, त्यात भरलेली माहिती वापरणाऱ्याची. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

आणि हो, काकांची वही अजून चालू आहे. आम्हीच त्यांना सांगितलंय, बंद करू नका म्हणून!