व्याकरण बरोबर, हिशेब चूक

माणिकपूरमधल्या आमच्या सोसायटीची मासिक बिलं काढायला मी एकदा 'सी' भाषेत प्रोग्राम लिहिला. पहिल्याच महिन्यात सगळ्या सभासदांची थकबाकी शून्य! काही मंडळी खूश झाली, खजिनदारांचा चेहरा मात्र उतरला. चूक माझीच होती. 'थकबाकी शून्य आहे का?' असं विचारायचं, तर 'सी'मध्ये बरोबरचं चिन्ह दोनदा द्यावं लागतं. मी एकदाच दिलं. त्याचा अर्थ झाला, 'थकबाकी शून्य कर.' यंत्राने निमूटपणे केली.

आपला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणारा दुभाषी म्हणजे कंपायलर. अर्धविराम राहिला की तो अडून बसतो. इथे त्याने चकार शब्द काढला नाही, कारण वाक्य व्याकरणात बसत होतं. 'माशाने कोळ्याला जाळ्यात पकडलं' हेही व्याकरणशुद्धच की!

अशा वाक्यावर बोट ठेवतो तो लिंटर. तो भाषांतर करत नाही, नुसतं वाचतो आणि शंका काढतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी असा पहिला प्रोग्राम लिहिला. १९७८ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. कपड्याला चिकटणाऱ्या सुताच्या कणांना इंग्रजीत लिंट म्हणतात, तेच नाव त्याला मिळालं. कंपायलरने काम झटपट उरकावं, शंका दुसऱ्याने सवडीने काढाव्यात, अशी ही वाटणी.

ॲपलच्या आयफोनमध्ये एक ओळ चुकून दोनदा पडल्याचं २०१४ मध्ये उघड झालं. तेवढ्याने समोरची वेबसाइट खरी की बनावट, ही तपासणीच अर्धवट सुटत होती. दुसऱ्या ओळीनंतरचा भाग कधीच चालणार नाही, ही शंका तपासनीस प्रोग्राम काढू शकला असता.

मग या शंका सक्तीच्या का नाहीत? कारण त्यातल्या कित्येक फुकट असतात, आणि रोज ओरडणाऱ्याकडे कोणी बघत नाही. पुण्याच्या 'टीआरडीडीसी' या टाटांच्या, १९८१ साली स्थापन झालेल्या केंद्रातल्या संशोधकांनी हे खोटे इशारे कमी करण्यावर काम केलं आहे. मला तरी तेच खरं अवघड काम वाटतं.

आता बरेच कंपायलरही, सांगितलं तर, माझ्यासारख्या चुकीचा इशारा देतात. मात्र थकबाकीवरच्या व्याजाचा दर २१ टक्क्यांऐवजी १२ लिहिला असता, तर ते दोघांनाही कळलं नसतं. ते खजिनदारांनीच पकडलं असतं.