छायाचित्रांसाठी लॅपटॉप निवडताना

भालचंद्र गणेशाचे मंदिर असलेले लिंबागणेश हे माझे गाव. लग्नसराई आली की माझ्या गळ्यात कॅमेरा येतो आणि त्या मिळकतीतून फीची सोय होते. गतवर्षी वडिलांनी कापसाच्या पैशांतून मला लॅपटॉप घेऊन दिला. ‘प्रोसेसर एकदम नवा आहे,’ एवढ्या एका वाक्यावर आम्ही बापलेक भुललो. पहिल्याच लग्नाचा अल्बम बीडहून छापून आला, तेव्हा हळदीने माखलेली नवरी झेंडूसारखी केशरी दिसत होती! दुसरा अल्बम पदरच्या पैशांनी छापावा लागला. त्या लग्नाचे माझ्या हाती काहीच उरले नाही. अशी वेळ इतर विद्यार्थी मित्रांवर येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

दोष ना कॅमेऱ्याचा होता, ना छपाईचा. दोष होता पडद्याचा. पडद्याने किती रंग दाखवावेत, याचे ‘एसआरजीबी’ नावाचे एक प्रमाण १९९६ मध्ये पुढे आले. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात पुष्कळदा ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा, की तो पडदा एसआरजीबीतले जेमतेम ६० ते ६५ टक्के रंग दाखवतो. अशा पडद्यावर हळद फिकी दिसली, म्हणून मी रंग चढवत गेलो. कागदावर तो चढवलेला रंग जसाच्या तसा उतरला. तेव्हा १०० टक्के किंवा त्याच्या जवळपास एसआरजीबी, शिवाय ‘आयपीएस’ जातीचा पडदा, ही पहिली अट समजावी. आयपीएस पडद्यावर बाजूने पाहिले तरी रंग फारसे पालटत नाहीत.

दुसरी गोष्ट रॅमची. २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र १६ बिटमध्ये उघडले, तर प्रत्येक बिंदूला तीन रंगांचे मिळून ६ बाइट लागतात. म्हणजे एकच चित्र १४४ एमबी जागा अडवते. त्यावर थर चढवत गेलो की हा आकडा झपाट्याने वाढतो. म्हणून १६ जीबी रॅम असावी, आणि ती पुढे वाढवता येते का, हे आधीच विचारून घ्यावे. काही लॅपटॉपमध्ये ती कायमची जोडलेली असते.

तिसरी गोष्ट साठवणीची. एका लग्नाच्या दीड हजार ‘रॉ’ फायली सहज ४० जीबी होतात. निदान ५१२ जीबीची एसएसडी घ्यावी आणि जुने काम बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावे. महागड्या ग्राफिक्स कार्डावाचून साधी रंगदुरुस्ती अडत नाही. वाचलेले पैसे पडद्यावर घालावेत. जिंप आणि डार्कटेबल ही सॉफ्टवेअरे तर मोफतच मिळतात.

दुकानात जाताना स्वतःचे एक छायाचित्र पेनड्राइव्हवर घ्यावे आणि त्याचीच चांगली छापील प्रतही सोबत न्यावी. पडद्याचा उजेड मध्यम ठेवून दोन्ही शेजारी धरून पाहावीत. उजेड पूर्ण वाढवून काम केले, तर चित्र उजळ भासते आणि छापून मात्र काळवंडलेले येते.

ज्यांची खरेदी माझ्यासारखीच चुकली आहे, त्यांनी लॅपटॉप मोडीत काढू नये. त्याला चांगला आयपीएस मॉनिटर जोडावा. मी तेच केले, आणि यंदाची हळद हळदीसारखीच छापली गेली.

वडील कापूस विकायला नेतात, तेव्हा भाव ठरवण्याआधी काटा नीट पाहून घेतात. काटाच खोटा असेल तर मालाचे मोल कसे कळणार? छायाचित्रकाराचा पडदा हा त्याचा काटा आहे. लॅपटॉप घेताना वडिलांचे हे शहाणपण मला दुकानाच्या दारातच आठवायला हवे होते.