गझलेत राजकारण कशाला? सिमीन बेहबहानी वाचा!

परवा एका गझल मैफलीनंतर एक काका म्हणाले, "गझलेत राजकारण नको बुवा!" मला लगेच इराणच्या सिमीन बेहबहानी (१९२७-२०१४) आठवल्या.

जुन्या फारसी गझलेत स्त्री बहुतेक वेळा प्रेयसी. डोळे, केस, विरह, संपलं! सिमीनबाईंनी गझलेचा साचा ठेवला, पण विस्मरणात गेलेली वृत्तं शोधून वापरली आणि आत रस्त्यावरची माणसं, त्यांचे संवाद आणले. युद्धात पाय गमावलेल्या तरुणावरची त्यांची कविता गाजली. त्यात बोलणारी बाई त्याच्याकडे आईच्या मायेने पाहते, आणि तो मात्र रागाने धुमसतोय.

इराणमध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला १९६३ मध्ये. पण कायद्यातली विषमता उरलीच. ती बदलण्यासाठी २००६ मध्ये दहा लाख सह्यांची मोहीम सुरू झाली, तिला या वयोवृद्ध कवयित्रीचा जाहीर पाठिंबा होता. मार्च २०१० मध्ये महिला दिनासाठी पॅरिसला निघाल्या, तर तेहरान विमानतळावर पासपोर्टच काढून घेतला. वय ८२!



इराणच्याच दुसऱ्या कवयित्री फुरूग फर्रुखजाद यांच्यावरही लिहू का?