विश्लेषण : छोट्या गाडीच्या भावात जर्मन सेडान... घ्यावी की नाही?

नागपूर, मुंबई आणि दिल्लीतील जुन्या गाड्यांच्या जाहिराती आता मोहाडी, तुमसरच्या मोबाइलवरही तितक्याच सहज दिसतात. एकेकाळी अर्धा कोटी मोजून घेतलेली मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळत असेल, तर धानाच्या हंगामानंतर हाती पैसा आलेल्या घरात चर्चा होणारच. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने २० वर्षांवरील गाड्यांच्या फेरनोंदणीचे शुल्क दुप्पट केले. २००५ च्या आसपास आलेली जर्मन गाड्यांची गाजलेली पिढी नेमकी याच उंबरठ्यावर आहे. गाडी स्वस्त झाली, पण ती बाळगणे स्वस्त झाले का?

इतकी स्वस्त का?

पहिला मालक अशी गाडी तीन-चार वर्षे वापरतो आणि नवे मॉडेल आले की सोडतो. दुसरा मालक वॉरंटी संपेपर्यंत टिकतो. त्यानंतरच्या मालकाला गाडी नव्हे, तर पुढच्या दुरुस्त्यांची यादी मिळते आणि बाजार ती यादी आधीच किमतीतून वजा करतो. पाच लाखांना मिळालेल्या गाडीचा गिअरबॉक्स पाच लाखांच्या गाडीचा नसतो, तो पन्नास लाखांच्या गाडीचाच असतो. हा फरक ज्याला कळला त्याला या विषयातील निम्मे कळले.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त असण्याला आणखी एक कारण आहे. तिथे १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंध आले. न्यायालयात त्याला अनेक वळणे मिळाली, पण दिल्लीकरांनी मधल्या काळात चांगल्या स्थितीतील डिझेल सेडानही पडेल भावाने इतर राज्यांत काढल्या. त्यामुळे दिल्लीची गाडी स्वस्त म्हणजे खराबच असे नाही, तिचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो.

या गाड्या बनल्या कशासाठी?

जर्मनीतील ऑटोबान महामार्गांच्या बऱ्याच भागांवर वेगमर्यादा नाही. चार माणसे, सामान आणि पूर्ण आराम घेऊन ताशी २०० किलोमीटरने तासन् तास जाता यावे, ही तिथल्या ग्राहकाची मागणी होती. त्यातून बाहेरून शांत आणि आतून पैलवान अशी सेडानची जात जन्मली. १९६८ मध्ये मर्सिडीजने लिमोझीनसाठीचे ६.३ लिटरचे इंजिन ३०० एसईएल या सेडानमध्ये बसवले. १९८५ मध्ये बीएमडब्ल्यूने एम१ या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाची सुधारित आवृत्ती पाचव्या मालिकेच्या साध्या दिसणाऱ्या गाडीत घातली आणि तिला एम५ असे नाव दिले. २००५ च्या एम५ मध्ये तर दहा सिलिंडरचे, ५०७ अश्वशक्तीचे इंजिन आले. या गाड्यांचा वेग बहुतेक वेळा ताशी २५० किलोमीटरवर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने रोखलेला असतो. गाडी त्यापुढे जाऊ शकत नाही म्हणून नव्हे, कंपन्यांनी आपसात तसे ठरवले म्हणून.

महाराष्ट्राचा या घराण्याशी थेट संबंध आहे. टेल्को आणि जर्मनीची डाइम्लर-बेंझ यांची भागीदारी १९५४ ची. ट्रकच्या नाकावरचा तो तारा जुन्या पिढीने पाहिलेला आहे. पुढे १९९५ मध्ये पुण्याजवळ टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची डब्ल्यू १२४ मालिकेतील ई-क्लास जोडली जाऊ लागली. २००९ मध्ये मर्सिडीजचा स्वतःचा कारखाना चाकणला सुरू झाला. ऑडीची जोडणी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात होऊ लागली. पुण्यातील १२४ साधीच होती, ई २२० पेट्रोल आणि ई २५० डिझेल. पण त्याच सांगाड्यावर मर्सिडीजने ५०० ई ही आठ सिलिंडरची गाडीही काढली होती. तिची बांधणी पोर्शच्या कारखान्यात होई, कारण रुंद झालेली ती गाडी मर्सिडीजच्या स्वतःच्या जोडणी साखळीत बसत नव्हती. म्हणजे पुण्यातील टॅक्सीवजा डिझेल ई-क्लास आणि संग्राहक जिच्यासाठी रांग लावतात ती ५०० ई या सख्ख्या बहिणी. जुन्या १२४ चे दार लावून पाहावे. तो आवाज अजूनही बऱ्याच नव्या गाड्यांना जमलेला नाही.

शास्त्रींच्या ऑडीने काय दाखवले?

जुन्या जर्मन सेडानचे भारतातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मुंबईत आहे. १० मार्च १९८५ रोजी मेलबर्नमध्ये भारताने पाकिस्तानला हरवून बेन्सन अँड हेजेस जागतिक अजिंक्यपद स्पर्धा जिंकली आणि ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ ठरलेल्या रवी शास्त्रींना ऑडी १०० मिळाली. सगळा संघ तिच्यावर चढून मैदानात फिरला, ते चित्र अनेकांना आठवत असेल. ती काही एम५ सारखी वेगवान नव्हती, पण आपल्या काळातील अत्यंत पुढारलेली गाडी होती. काचा बाहेरील पत्र्याच्या रेषेत बसवून तिचा वाऱ्याला होणारा विरोध ०.३० इतका कमी केलेला होता.

ऑडी कंपनी अधिकृतपणे भारतात आली ती २००७ मध्ये, म्हणजे तोवर २२ वर्षे या गाडीला इथे घरचे माणूस नव्हते. २०२२ मध्ये गौतम सिंघानिया यांच्या सुपर कार क्लबच्या गॅरेजने ती पुन्हा नव्यासारखी करून शास्त्रींच्या हाती दिली. त्यामागे काही महिन्यांची मेहनत, जाणकार हात आणि देशभर सांगावी अशी कहाणी होती. सर्वसामान्य जुन्या सेडानच्या वाट्याला यातले काहीच येत नाही, म्हणून शास्त्रींची ऑडी पाहून उत्साह आला तरी तिचा हिशेब आपल्याला लावू नये.

खर्च कुठे दडलेला असतो?

इंजिनाचे लोखंड सहसा दगा देत नाही. दगा देते ते प्लास्टिक आणि रबर. कूलंटची टाकी, थर्मोस्टॅटचे घर, पाण्याच्या पंपाचे आतले पाते, नळ्यांची तोंडे हे सगळे वीस वर्षांच्या उष्णतेने ठिसूळ होते. जर्मनीच्या हवेत जे वीस वर्षे टिकते ते विदर्भाच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात किती टिकेल याचा अंदाज करणे अवघड नाही. कूलंट गळून इंजिन एकदा तापले, की अॅल्युमिनियमचे हेड वाकते आणि गाडीच्या किमतीइतके बिल येते. म्हणून अनुभवी मालक हे सुटे भाग खराब होण्याची वाट न पाहता सगळे एकदम बदलतात. खर्च दिसायला मोठा, पण हाच सर्वांत स्वस्त मार्ग.

एस-क्लाससारख्या गाड्यांत स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या असतात. सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसली तर पिशवीला भेग पडली असे समजावे. तशीच चालवली तर हवा भरणारा कॉम्प्रेसर सतत चालून जळतो, आणि एका खर्चाचे दोन होतात. २००२ ते २००६ दरम्यानच्या अनेक ई-क्लास गाड्यांत विजेवर चालणारी ब्रेक यंत्रणा आहे. तिचा पंप प्रत्येक ब्रेक मोजतो आणि ठरावीक संख्येनंतर बदलायला सांगतो. डॅशबोर्डवर तो लाल इशारा आला की ‘पुढच्या महिन्यात बघू’ चालत नाही, हा ब्रेकचा प्रश्न आहे. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील १२४ मध्ये वायरींचे आवरण असे वापरले गेले की ते काही वर्षांतच बिस्किटासारखे चुरते. ‘वायरिंग बदलले का’ हा प्रश्न विकणाऱ्याला जरूर विचारावा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभरासाठी’ असते असे अनेक शोरूम सांगत आले. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ते साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदलायला सांगते. कुणाचे ऐकायचे हे वेगळे सांगायला नको.

वेगवान आवृत्त्यांची तऱ्हा आणखी निराळी. २००५ च्या त्या एम५ मध्ये कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजते, आणि वेळेत बदलले नाही तर इंजिनच जाते. तिथे खर्चाची भाषाच बदलते. पहिलीच जर्मन गाडी घेणाऱ्याने एम किंवा एएमजीच्या वाटेला जाऊ नये, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. सहा सिलिंडरची साधी ५३० किंवा ई-क्लास घेतली तरी ऑटोबानच्या शिस्तीचा बराचसा अनुभव मिळतो.

दिलासा एका गोष्टीचा. डब्यावर तारा किंवा बीएमडब्ल्यूचे चिन्ह छापलेला भाग अनेकदा बॉश, माले, लेमफोर्डर किंवा सॅक्स यांनीच बनवलेला असतो, आणि तोच त्यांच्या साध्या डब्यात कमी किमतीला मिळतो. गाडीच्या चासी क्रमांकावरून अचूक पार्ट नंबर काढायचा आणि मग दुकान शोधायचे. उलट क्रमाने गेले की चुकीचा पार्ट घरी येतो.

मोहाडीत ठेवायची तर?

खरी अडचण अंतराची. मोहाडीहून नागपूर सुमारे ८० किलोमीटर, आणि अशा गाड्यांचे निदान करणारे संगणक आणि ते चालवणारे हात तिथेच आहेत. गावातील मिस्त्री हुशार असतो यात शंका नाही. ट्रॅक्टर, जीप, ट्रक तो डोळे मिटून जोडेल. पण इथे बॅटरी बदलली तरी अनेक मॉडेलमध्ये ती संगणकात नोंदवावी लागते. गाडी बंद पडली तर दोर बांधून ओढणे हा मार्ग नाही. मागची चाके फिरवत ऑटोमॅटिक गाडी लांब ओढली तर गिअरबॉक्स खराब होतो, म्हणून सपाट पाटाचा ट्रकच बोलवावा लागतो. त्याचे एका फेरीचे भाडे गाडी घेण्याआधीच विचारून ठेवावे.

भंडारा-तुमसर मार्ग आणि वैनगंगेकाठचे अंतर्गत रस्ते वाळूच्या टिप्परनी किती सरळ ठेवले आहेत हे वाचकांना ठाऊक आहे. कमी उंचीची गाडी आणि पातळ कडेचे टायर यांचा तिथे निभाव लागत नाही. त्याच मॉडेलला चालणारी लहान रिम आणि जाड कडेचा टायर बसवला तर रुबाब थोडा कमी होतो, रिम वाकणे थांबते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या जुन्या गाडीवर खोल नक्षीचे पण दहा वर्षांपूर्वीचे टायर हमखास सापडतात. असे टायर घेऊन समृद्धी महामार्गावर जाणे जिवावर बेतू शकते.

पेट्रोलचा मुद्दाही आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्याचा ऑक्टेन आकडा ९५ असल्याने इंजिनाला त्या बाजूने तक्रार नसते. पण २००५ च्या गाड्या साधारण १० टक्के इथेनॉल गृहीत धरून बनलेल्या आहेत, त्यामुळे जुन्या रबरी नळ्या तपासाव्यात. इथेनॉल हवेतील ओलावा ओढते. रोवणीच्या दिवसांत गाडी दोन-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नये. आणि धानाच्या कोठीशेजारी गाडी लावू नये. उंदराने एक वायर कुरतडली तर ती शोधण्यातच दिवस जातो.

आरटीओत काय लागते?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपण्यापूर्वी ६० दिवसांत नमुना २५ मध्ये अर्ज करता येतो. १५ ते २० वर्षांच्या कारसाठी नूतनीकरण शुल्क ५ हजार रुपये, २० वर्षांवरील कारसाठी आता १० हजार. खरा फटका आयात गाड्यांना आहे, २० वर्षांवरील आयात कारसाठी ८० हजार रुपये. पुणे, चेन्नई किंवा संभाजीनगरला जोडलेली गाडी या वर्गात येत नाही. पण एम५ किंवा त्या काळातील एएमजी बहुधा पूर्ण आयात केलेली असते. नोंदणी पुस्तिका नीट वाचूनच पैसे द्यावेत. राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

मुंबई किंवा पुण्याची गाडी असेल तर महाराष्ट्राचा एकरकमी कर आधीच भरलेला असतो, मालकी नमुना २९ आणि ३० वर बदलते. परराज्यातील गाडीला ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागते, इथला कर नव्याने भरावा लागतो आणि मग एमएच ३६ चा क्रमांक मिळतो. हा कर गाडीची मूळ किंमत आणि वय पाहून ठरतो, आपण मोजलेली किंमत पाहून नाही. दिल्लीच्या स्वस्त गाडीची स्वस्ताई इथेच आटते. विम्यातही पाच वर्षांपुढील गाडीची किंमत कंपनी आणि मालक परस्पर ठरवतात, एजंटने लिहिलेला आकडा तसाच मान्य करू नये.

मग घ्यावी कोणी?

ज्याच्या घरी रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे, आणि खरेदीच्या किमतीइतकी रक्कम जो बाजूला ठेवू शकतो, त्याने. घरातील एकमेव गाडी म्हणून, किंवा कर्ज काढून, नको. गाडी थंड असताना सुरू करून पाहावी, निदान संगणक लावून घ्यावा, आणि सर्व्हिसची बिले नसतील तर किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

हे सारे सांभाळणाऱ्याला मिळते काय? समृद्धीवर कारची कमाल मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. २५० साठी बांधलेली गाडी त्या वेगाला जणू विसावलेली असते. स्टिअरिंगला वजन असते, आवाज खाली उतरलेला असतो, आणि काटा निम्म्याच्याही अलीकडे असतो.

केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरील आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेत वेगळी नोंदणी मिळते. पुण्यात १९९५ मध्ये जोडल्या गेलेल्या पहिल्या ई-क्लास गाड्यांना त्यासाठी २०४५ पर्यंत थांबावे लागेल.