उपचारानंतरची विस्मृती : एक दुर्लक्षित बाजू

कर्करोगाची गाठ गेली, अहवाल समाधानकारक आले, म्हणजे रुग्ण पूर्ण बरा झाला, असे आपण सारेच समजतो. आम्हीही अनेक वर्षे तसेच समजत होतो. परंतु फेरतपासणीस येणारे काही रुग्ण निराळीच तक्रार सांगत. पूर्वी तोंडी होणारा हिशेब आता कागदावरही चुकतो, गॅसवर दूध ठेवल्याचे लक्षात राहत नाही. 'अशक्तपणा आहे, जाईल' असे सांगून आम्ही त्यांची बोळवण केली, हे प्रांजळपणे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

ही तक्रार खरी असते. केमोथेरपीनंतर काहींची स्मरणशक्ती, एकाग्रता व विचारांचा वेग मंदावतो. पुष्कळांत कालांतराने सुधारणा होते, काहींत त्रास रेंगाळतो. मेंदूवरील किरणोपचारांचे परिणाम काही वर्षांनीही दिसू शकतात. लहान मुलांना त्यांचा धोका अधिक. हे बदल मोजणे हे चेतामानसशास्त्राचे, म्हणजेच न्यूरोसायकॉलॉजीचे, कार्य होय. शब्द आठवणे, अंक उलट क्रमाने म्हणणे, आकृत्या जुळवणे अशा चाचण्यांतून कोणती क्षमता उणावली व कोणती शाबूत आहे, हे कळते. नैराश्य, अपुरी झोप किंवा रक्तक्षय यांचा त्यात वाटा असल्यास त्यांवर उपचारही करता येतात.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मेंदूत सौम्य वा मंदगतीने वाढणाऱ्या गाठी असलेल्या २०० मुलांवर व तरुणांवर दोन किरणोपचार पद्धतींची तुलना करण्यात आली. या अभ्यासात २००१ ते २०१२ या काळात रुग्ण घेण्यात आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रुग्णांच्या जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. मात्र गाठीपुरत्या नेमक्या केंद्रित केलेल्या किरणोपचारांनंतर पाच वर्षांनी बुद्धिक्षमता अधिक चांगली टिकली होती. चाचण्या वेळोवेळी घेतल्या नसत्या, तर हा फरक कळलाच नसता.

नातेवाइकांना आमची विनंती आहे की, विसरण्यास आळस समजू नये. वही व दिनदर्शिका जवळ ठेवावी, रुग्णास एका वेळी एकच काम सांगावे. मुलांच्या शाळेस कल्पना द्यावी. विसर झपाट्याने वाढल्यास किंवा झटका आल्यास तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

देणगीतून आलेल्या यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते. शांत खोली, प्रशिक्षित तज्ज्ञ व रुग्णासाठी दिलेले दोन तास यांवर पाटी लावता येत नाही. तथापि वाचलेला माणूस पुन्हा आपल्या दुकानात, वर्गात, घरात उभा राहावा, यासाठी त्यांचीही तितकीच गरज आहे. विश्वस्त व दात्यांनी याचा अगत्याने विचार करावा, ही नम्र विनंती.